शिंजिराची वाट कशी पाहावी

सर्वप्रथम खुर्ची. प्लास्टिकची चालेल, पण ती पडवीत अशी मांडावी की जास्वंद, कपड्यांची दोरी आणि शेजाऱ्यांची मोटारसायकल एका नजरेत यावी. मोटारसायकल कशाला, ते पुढे कळेल.

बाटली मात्र टांगू नये. न्यू जर्सीतला भाचा दर एप्रिलमध्ये परसात लाल बाटली टांगतो, एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी घालतो आणि हमिंगबर्ड आला की व्हिडिओ पाठवतो. तो पाहून आमच्या राजुरात कुणी साखरपाणी टांगलेच, तर आधी मुंग्या येतात, मग मधमाश्या, आणि मग ‘काय हो, बाटलीत काय?’ असे विचारणारे शेजारी. हमिंगबर्ड उत्तर-दक्षिण अमेरिका खंड सोडून कुठेच राहत नाही. आपल्या वाट्याला जांभळा शिंजीर आहे, जेमतेम १० सेंटिमीटरचा. हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो. हा सहसा फांदीवर बसून पितो. आपल्याकडे चहासुद्धा बसूनच पितात, त्यामुळे यात कमीपणा नाही.

जास्वंद लावावी आणि विसरून जावे. लांब नळीच्या फुलाला शिंजीर बऱ्याचदा देठाशीच भोक पाडतो आणि परागकणांना हात न लावता मध घेऊन पसार होतो. तक्रार कुठेही नोंदवता येत नाही. शिवाय भंडारदऱ्याच्या वाटेवर पळस, पांगारा, धायटी फुललेली असताना तुमची जास्वंद त्याच्या यादीत बरीच खाली असते, हेही मनाला लावून घेऊ नये.

आता मुख्य विषय. वाट पाहण्यापूर्वी तो गेला कुठे होता, हे विचारावे. बहुधा कुठेच नाही. फार तर फुलांच्या मागे जरा इकडेतिकडे. विणीचा हंगाम संपला की नर आपला निळा-जांभळा झगमगाट उतरवतो आणि मादीसारखा पिवळसर होतो, लग्नाचा सूट पेटीत ठेवून बनियनवर हिंडणाऱ्या नवरदेवासारखा. गळ्यापासून पोटावर एक काळी पट्टी तेवढी उरते. दिवाळीत ‘ही मादी दिसते’ म्हणून तुम्ही ज्याला सोडून दिले, तो हाच असण्याची दाट शक्यता आहे. डांगी जनावरांच्या प्रदर्शनात लांबूनच बैल पारखणाऱ्या राजूरकरांना ही पट्टी दिसत नाही, हे नवल. असो. रंग पुन्हा चढला की ‘आला, आला!’ म्हणून भाच्याला जरूर कळवावे. खुलासा करू नये.

रंग चढला की डोकेही चढते. मोटारसायकलच्या आरशात त्याला प्रतिस्पर्धी दिसतो आणि तो त्यावर चोची मारत सुटतो. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन आरशावर जुना मोजा चढवावा. मोजा धुतलेला असावा.

ही मारामारी चालू असताना मादी एकटीच घर बांधते. गवत, सालीचे कपटे आणि अळ्यांची विष्ठा कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून लोंबती पिशवी तयार होते. दारावर छज्जासुद्धा असतो. आत बसलेल्या मादीची फक्त वाकडी चोच बाहेर डोकावते. तिला कोळ्याची जाळी मिळावी म्हणून पडवीचा एक कोपरा झाडू न मारता ठेवावा. घरात हे सांगताना पक्षिशास्त्राचा आधार घ्यावा. नुसते सांगून उपयोग होत नाही.

घरटे दोरीलाच लटकले तर घरातल्यांना नम्रपणे कळवावे. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे, पिल्ले उडायला आणखी जवळपास तेवढेच. पिल्लांना आईबाप किडे आणि कोळी भरवतात, तेव्हा साखरेचा विषय इथेही काढू नये. पाहुणे आले तर त्यांना पेढे द्यावेत, पण आतल्या खोलीत. मोबाइल घरट्याच्या दाराशी नेऊ नये. मादी घाबरून घरटे सोडू शकते.

दोरी बाजारात मिळते. दुसरी बांधा.