रात्रीचं काय?

आमच्या सोसायटीतल्या सेफ्टीकाकांना मुलानं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढून दिली. बाल्कनीची खोली, जेवणखाण आतच. काकूंचे डोळे भरून आले. काकांनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘गाडी कुठं लावायची ते कुठंच लिहिलेलं नाही.’’

सेफ्टीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. माहुलकडच्या एका कारखान्यात त्यांनी सेफ्टी खात्यात उभी हयात काढली. अपघात झाला की अहवाल सगळेच लिहितात. काका, अपघात झाला नाही तर तो का झाला नाही, याचाही अहवाल लिहायचे. निवृत्तीनंतर ही सारी दक्षता एका रुपेरी वॅगन आरच्या वाट्याला आली. सोसायटीत पाण्याच्या टाकीलगत तिची जागा आहे. समोरच्या भिंतीवर काकांनी जुन्या चपलेचा तळवा खिळे ठोकून बसवलाय. बंपर त्याला टेकला की थांबायचं. दर रविवारी कव्हर निघतं, इंजिन दहा मिनिटं गुरगुरतं, गाडी फूटभर मागं आणि फूटभर पुढं जाते, आणि परत कव्हर चढतं. काकांच्या लेखी हे ड्रायव्हिंग.

‘‘टॅक्सीनं जा की,’’ मी म्हणालो. ट्रॉम्बेहून बोट सुटते ते बॅलार्ड पिअर आहे किती लांब? पांजरापोळला फ्री वेवर चढायचं, बोगद्यातून निघायचं, की थेट पी. डिमेलो रोड. २०१३ साली हा रस्ता झाला आणि आम्हा ट्रॉम्बेकरांना फोर्ट एकदम शेजारच्या आळीत आल्यासारखा वाटू लागला.

‘‘दारात गाडी असताना टॅक्सी? मग गाडी घेतली कशाला?’’

‘‘हेच मी बारा वर्षं विचारतेय,’’ आतून काकूंचा आवाज आला.

पुढच्याच रविवारी काका पाहणीला निघाले. गाडीनं नव्हे, मानखुर्दहून लोकलनं. गाडी नेली असती तर ती कुठं लावायची हा प्रश्न होताच. बरोबर वही, मोजपट्टी आणि मी. सीएसएमटीला उतरून आम्ही बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवरून फिरलो. दगडी इमारती, रुंद फुटपाथ, रविवारची सामसूम. एखाद्याला वाटलं असतं, काय सुंदर भाग आहे. काका मान वर करून झाडं तपासत होते. ‘‘कावळे,’’ असं म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीवर फुली मारली.

पे अँड पार्कवाल्या पोराला त्यांनी गाठलं.

‘‘तीन दिवस गाडी ठेवायची आहे.’’

‘‘ठेवा ना, काका.’’

‘‘दिवसा तू असतोस. रात्रीचं काय?’’

‘‘रात्री मी घरी जातो.’’

‘‘आणि गाडी?’’

‘‘ती पण आपल्या घरी जाते ना,’’ पोरगा म्हणाला. काकांनी हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली ‘बेजबाबदार’ असा शेरा मारला.

स्टेशनजवळचा वाहनतळ गर्दीचा म्हणून बाद. गिरगावात भाच्याची चाळ आहे, पण तिथं गाडीची जागा म्हणजे फुटपाथला लागून ठेवलेली मोडकी खुर्ची, आणि खुर्ची शेजाऱ्यांची. रस्त्यावर कुठंही लावायचं म्हटलं तर टोइंग. शिवाय जुलै २०१९मध्ये महापालिकेनं सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत बेकायदा लावलेल्या गाड्यांना ५ हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंड लावायला सुरुवात केली होती, ती कात्रणं काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलीत. नियम नंतर बदलले, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. धोक्याला मुदत नसते, असं त्यांच्या खात्याचं शास्त्र आहे.

क्रूझ टर्मिनल मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झालेली ही इमारत वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या हिशेबानं बांधलीय. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर, आणि तीनशेवर गाड्या लावायची सोय. फोनवरची ही सगळी बातमी मी त्यांना वाचून दाखवली. मनात म्हटलं, सुटलो.

‘‘सोय आहे हे ठीक,’’ काका म्हणाले. ‘‘पण सोय आणायला-पोचवायला येणाऱ्यांची, की मुक्कामाला राहणाऱ्या गाडीची? रात्रीचं काय, ते बातमीत आहे का?’’

नव्हतं. आणि क्रूझ कंपनीला विचारावं तर फोनवरच्या बाईंनी गाडी हा शब्द ऐकून आम्हाला पिकअपचं पॅकेज सांगायला सुरुवात केली.

परतताना काका भाऊच्या धक्क्याकडे वळले. त्यांचे वडील रत्नागिरीहून बोटीनं इथंच उतरले होते. एक ट्रंक, एक वळकटी, लावायला काहीच नाही. पण काकांना आठवणींत रस नव्हता. मांडव्याला जाणारी रो-रो बोट लागली होती आणि तिच्या पोटात एकामागून एक गाड्या शिरत होत्या. २०२० पासून ही सेवा चालू आहे. काकांच्या चेहऱ्यावर दिवसात पहिल्यांदा तेज आलं.

‘‘ही मंडळी गाडी आत घेतात. मग गोव्यापर्यंत का नाही नेत?’’

‘‘काका, गोव्याच्या बोटीवर पोहण्याचा तलाव असतो, कॅसिनो असतो...’’

‘‘तलावाला जागा आहे आणि गाडीला नाही?’’ मला विचाराल तर मुंबईच्या नगररचनेवर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

संध्याकाळी कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेलो तर गोष्ट तिथंही पोचली होती. ट्रॉम्बेच्या जेट्टीवर जाळं विणत बसलेला एक जण म्हणाला, ‘‘काका, आमची होडी वर्षानुवर्षं इथंच लागते. रात्री कुणी बघत नाय, कुणी टो पण करत नाय. गाडी विका, होडी घ्या.’’ काकांनी तेवढ्यात दोराची गाठ निरखून घेतली.

खरं दुखणं पुढं बाहेर पडलं. तिकडं जागा मिळाली तरी इकडची रिकामी पडणार होती! दुसऱ्या मजल्यावरच्या पोरानं मोठी गाडी घेतलीय आणि ती रोज गेटबाहेर गटाराच्या कडेला झोपते. मे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही असं जाहीर केलं, तेव्हा काकांनी ती बातमी नोटीस बोर्डावर लावली होती, वर लाल पेन्सिलीनं चौकट आखून. सूड घ्यायला त्या पोराला तीन दिवस म्हणजे पर्वणी. मुंबईत एकदा सुटलेली जागा कोर्टकचेरी करूनही परत मिळेल याचा भरवसा नाही.

‘‘म्हणजे गाडी न्यावी तर जागा जाते, आणि ठेवावी तर टॅक्सी,’’ मी म्हणालो.

‘‘टॅक्सीच,’’ काकूंनी निकाल दिला. ‘‘मी नवा गाऊन घेतलाय. तुम्हाला गाडीपाशी थांबायचं असेल तर थांबा, मी एकटी जाते.’’

काका टॅक्सीनं गेले. जाताना चावी माझ्याकडे, सोबत सूचनापत्र: चपलेच्या तळव्यापासून हलवू नये, कव्हरची नाडी डावीकडून बांधावी, दुसऱ्या मजल्याशी गोड बोलू नये.

दुपारी व्हॉट्सअ‍ॅप वाजू लागलं. काकूंच्या फोनवरून डेक, समुद्र, काकू, परत समुद्र, आइस्क्रीम, गॉगल घातलेल्या काकू. काकांच्या फोनवरून आलेल्या सगळ्या फोटोंत मात्र एकच विषय होता: वरच्या डेकवरून झूम करून टिपलेल्या, टर्मिनलच्या आवारातल्या उभ्या गाड्या. मधल्या रिकाम्या जागांवर त्यांनी बोटानं लाल गोल काढले होते.

रात्री उशिरा त्यांचा निरोप आला: ‘‘भरपूर जागा दिसली. झाडं नाहीत. पण अंधार पडायच्या आत बोट सुटली, त्यामुळे रात्रीचं काय ते कळू शकलं नाही. पुढच्या खेपेस उशिराची बोट बघावी.’’