कंचा दादर?

आमच्या जोह्यात मुंबई आणि पुणे एकाच फळीवर शेजारी शेजारी बसलेली असतात. डावीकडं लालबागची बैठक, उजवीकडं दगडूशेठची, मध्ये जेमतेम वीतभर जागा, आणि दोघांच्याही अंगावर सारखीच पांढरी भुकटी. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पेणच्या पट्ट्यात जिथं बघाल तिथं गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे भोंगा आणि चिमणीवाला नव्हे. वर पत्रे, बाजूला ताडपत्री, आत साचे, काथ्या, घासपेपर, रंगाचे डबे आणि माणसाला वळायला जागा नाही इतके देव.

आमचा नाना या कारखान्यात तीस वर्षं आखणी करतो. आखणी म्हणजे डोळे. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासून गुळगुळीत होते, अंगाला रंग लागतो, तोवर ती वस्तूच असते; कुणीही पाय लागला तरी बाजूला सारतो. नाना बारीक कुंचला घेऊन समोर बसून उठला, की मात्र तिच्याकडं पाठ करायची चोरी होते. हजारो लालबाग आणि हजारो दगडूशेठ यांना नानानं दृष्टी दिली, आणि या दोन्ही शहरांवर त्याची स्वतःची दृष्टी कधी पडली नव्हती. मुंबई इथून ऐंशी-एक किलोमीटर. पण दिवाळीनंतर साचे निघतात ते भाद्रपदापर्यंत मान वर करायला सवड नसते. उरतो पितृपक्ष. तेव्हा नानाला काम नसतं, पण पितरांचं घरी येणं असतं.

शेवटी एका पितृपक्षात त्यानं वाडवडिलांना लवकर जेवू घातलं आणि माझ्याबरोबर मुंबई बघायला निघाला. मुक्काम दादरला, माझ्या मावसभावाकडं. हमरापूर स्टेशनवर दिवा गाडीची वाट बघत असताना ओळखीच्या एका बाईनं विचारलं, ‘कया चाल्लास?’ नाना म्हणाला, ‘दादरला.’ बाई म्हणाली, ‘मंग आगगाडी कशाला? रिक्षा कर.’

बाईचं काही चुकलं नव्हतं. आमच्या पेण तालुक्यातच दादर आहे. जोह्यावरून खाडीच्या अंगाला गेलं की लागतं. नानाचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला निघालेल्या माणसाला ते शेजारच्या गावाला निघाल्यासारखं वाटणं बरं नव्हे. पुढं जिते, आपटा, रसायनी अशी स्टेशनं जात राहिली आणि डब्यात कुणीही कुठं निघालात म्हणून विचारलं की नाना उत्तराआधी स्वतःच प्रश्न टाकायचा, ‘दादर. कंचा दादर, ता इचार!’

खरं तर आमच्या तालुक्यातला माणूस मुंबईला निघाला की पोचेलच याची खात्री देता येत नाही. विनोबा गागोद्याचे. गागोदे पेण तालुक्यातलंच. 1916 साली ते बडोद्याहून इंटरच्या परीक्षेला मुंबईकडं निघाले आणि सुरतला गाडी बदलून काशीला गेले. नानाला मी हे दिव्याला सांगितलं, कारण तिथं आम्हालाही गाडी बदलायची होती. फलाटावरची गर्दी बघून तो म्हणाला, ‘शाना मानूस.’

बोरीबंदरला उतरून आम्ही रस्ता ओलांडला आणि नानानं मागं वळून इमारतीकडं बघितलं. पुढचा अर्धा तास गेला. माणसं त्याला धक्के देत होती, तो न हलता वर बघत होता. मला वाटलं, भारावला. तो माल तपासत होता. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडं सिंह आणि दुसरीकडं वाघ आहे. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. नानानं एक डोळा मिटून दोघांना निरखलं आणि निकाल दिला, ‘सिंवाला टाइम दिलाय. वाघाचे डोले घायगडबडीन मारलेले हायत.’ लाखो लोक रोज त्या फाटकावरून जातात, पण या दृष्टीनं राज्यकर्त्यांचा पक्षपात कुणी पकडला नसावा.

इमारत 1878 ला सुरू झाली, 1888 ला पुरी झाली, असं मी सांगितलं. ‘धा वर्सा!’ नाना कळवळला. ‘आमाला मंडलवाले धा दिस देत नाय.’ आमच्या दारावरच्या महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं होतं, ते त्या घटकेला मी त्याला आठवू दिलं नाही. आत हार्बरच्या फलाटावर पाटीवर ‘वाशी’ अशी अक्षरं आली आणि नाना उडालाच. वाशी आमच्या खारेपाटातलं गाव आहे. ‘ही आपले वाशीला जाते?’ ती दुसरी वाशी, नवी मुंबईतली, म्हटल्यावर त्याच्या मनात संशयानं घर केलं. दादर आमचं, वाशी आमची. ‘आपलेकरची नावा नेऊन शेहर केलाय यांनी. आपले येकदा मोजून घेतली पायजेत.’

मग लालबाग. इथं येण्यासाठीच तर तो निघाला होता. जिन्यावरून उतरताना त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली, जणू व्याह्यांच्या घरी चालला होता. आम्ही बाजारात पोचलो. पहिल्यांदा नाकात मिरची गेली, कारण मसाल्याची दुकानं तिथंच. सात-आठ शिंका देऊन झाल्यावर नानानं डोळे पुसत विचारलं, ‘राजा कया हाय?’

राजा कुठला असायला! विसर्जन होऊन आठ दिवस झालेले. जिथं माणसं दिवस-दिवस रांगेत उभी राहतात, तिथं एक हातगाडी तिरपी लावलेली होती आणि तिच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. तीस वर्षं राजाची बैठक, राजाचे डोळे, राजाच्या बोटाची ठेवण हातावर बसलेला माणूस राजाच्या दारात उभा, आणि राजा गावाला गेलेला. मी त्याचं मन रमवायला सांगितलं की इथल्या कोळ्यांनी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला होता. जागा मिळाली आणि 1934 साली हा गणपती बसला. नाना जरा खुलला. ‘मंजे आपलेच लोकांचा.’ पण लगेच पुढं, ‘बाजाराला कायमची जागा, आन देवाला अकरा दिसांची? पुन्यान असा नसंल.’

हे वाक्य नानाच्या आयुष्यातलं पहिलं तुलनेचं वाक्य. तेव्हा त्यानं पुणं पाहिलेलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. दोन शहरांची तुलना करायला त्यातलं एक पाहिलेलं पुरतं. काही थोर लोकांना तेवढंही लागत नाही. गावोगाव असा एक माणूस असतो. तो एकदा कुठंतरी जाऊन येतो आणि मग चहाच्या टपरीवर बसून पुढची वीस वर्षं ते शहर किलोकिलोनं विकतो. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर या तिघांची हजेरी घेतली, पण या तिघांवर निकाल द्यायला बसलेला जोहेकर राहून गेला.

पुढच्या पितृपक्षात पुणे. खोपोलीवरून एसटी बोरघाट चढायला लागली तशी नानाला मुंबईची ओढ वाटू लागली. मुंबईत कशी गाडीमागून गाडी असते, माणसं कशी झपाझप चालतात, उकाड्यातसुद्धा कुणी कुरकुरत नाही, असं तो शेजारच्या प्रवाशाला सांगत होता. हा तोच नाना, जो वर्षभर टपरीवर ‘मुंबयन मानूस उबा रवला तं मागचा त्येला फुडं नेतो, पाय नुस्ते शोभंला’ असं सांगत होता. तेव्हा मला त्याच्या न्यायनिवाड्यातलं मर्म उमगलं. नाना नेहमी गैरहजर पक्षाचा वकील. मुंबईत उभा असला की पुणं चांगलं, पुण्यात पाऊल टाकलं की मुंबई. दोन्हीकडं मिळून तो जोह्याचं इतकं गुणगान करतो की ऐकणाऱ्यानं रात्रीच्या गाडीनं इकडं राहायला यावं. आणि तो खरंच आलाच, तर नाना त्याला पाण्याची, डासांची, खारेपाटाच्या चिखलाची आणि विजेची अशी कर्मकथा ऐकवील की पाहुणा चहा न घेता परत जाईल.

दगडूशेठ मात्र घरी होते. देऊळच आहे, जाणार कुठं? नाना रांगेतून समोर आला आणि थांबला. उजवा हात लांब करून, अंगठा उभा धरून, एक डोळा मिटून त्यानं सोंडेचं माप घेतलं, मग कानाचं, मग दोन डोळ्यांमधल्या अंतराचं. ओठ हलत होते. तो इंचांचा हिशोब करत होता. मागच्या दोन आजींना वाटलं, माणसाची समाधी लागली. त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग नानाला. पुढं सरका म्हणणारा स्वयंसेवकसुद्धा जरा दबकला. बाहेर आल्यावर नाना म्हणाला, ‘कान आपले बरोबर हायत. डोल्यान माज्याकडशी यकाद सूत फरक परतो.’ आणि थोडं चालून, कुणी ऐकत नाही ना हे बघून, ‘माजे जरा मऊ हायत.’

जवळच चहाला बसलो. तिथं एक गृहस्थ भेटले आणि सार्वजनिक गणपती आधी कुणी बसवला यावर बोलणं निघालं. भाऊ रंगारींनी 1892 ला की टिळकांनी 1893 ला, या वादावर पुण्यात अजून चहा गार होतो. गृहस्थ एका पक्षाचे होते. कुठल्या ते सांगत नाही, मला पुन्हा त्या बाजूला जायचं आहे. मी आपलं मध्ये घातलं की मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतही 1893 पासूनच उत्सव आहे. त्यांनी माझ्याकडं ‘मुंबईचा विषय कुणी काढला?’ अशा नजरेनं बघितलं. मिरवणुकीचा विषय निघाला. लक्ष्मी रोडची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू असते असं ते अभिमानानं म्हणाले, तर नानानं तत्काळ लालबागच्या राजाला दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर नेऊन उभं केलं. दोन शहरं देवाला निरोप द्यायला कोण जास्त उशीर करतं यावर अडून बसली. जिंकलं कुणीच नाही. उठताना नाना गृहस्थांना एवढंच म्हणाला, ‘आधी बशीवला कोनी त्याचा भांडान ऱ्हाऊंद्या. करून कोनी दिला, ता कोन इचारतच नाय.’ गृहस्थांनी चहाचे पैसे दिले. पुण्यात! हे जोह्यात कुणीही खरं मानलेलं नाही.

त्या दिवसापासून नानाचं मोजमाप पक्कं झालं. पुण्याचा देव घरमालक, मुंबईचा भाडेकरू. मुंबईत माणसाला अकरा महिन्यांचा करार, देवाला अकरा दिवसांचा. पुण्यात देव कायम घरात असल्यामुळं माणसं त्याच्याशी घरच्यासारखं बोलतात, म्हणजे थोडं तुटक. मुंबईत वर्षातून एकदा येतो म्हणून माणूस उन्हात बारा तास उभा राहतो. हे सिद्धांत टपरीवर इतके गाजले की आता गिऱ्हाईकं मूर्ती बघायला आली तरी नाना त्यांना आधी पिनकोड विचारतो.

घरी मात्र त्याचं काही चालत नाही, कारण काकी रोह्याची. तिच्या लेखी शहरं दोनच, पेण आणि रोहा, आणि त्यांतलं एक फारसं काही नाही. नाना मुंबईच्या लोकलचं सांगत असला की ती म्हणते, दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा रोह्याला बघ गर्दी कशी असते ती. पुण्याचा मान सांगायला लागला, तर रोह्याला देवाला पोलीस बंदुका घेऊन सलामी देतात. खोटं नाही, देतात. पेणचे पापड, पेणचे गणपती अशी नानाची फौज या सलामीपुढं टिकत नाही. काकीनं मुंबई पाहिलेली नाही, पुणे पाहिलेलं नाही आणि ते बघायची तिला गरजही वाटत नाही.

यंदा पनवेलच्या एका मंडळाची मागणी आली. सहा फुटी, बैठक लालबागची, चेहरा दगडूशेठचा. पनवेलच ते, एक पाय एका गाडीत, दुसरा दुसऱ्या. कारखान्यातल्या पोरांनी कपाळाला हात लावला. नाना मात्र खूष होता. आयुष्यभराचा अभ्यास एका मूर्तीवर उतरवायची संधी. तीन रात्री तो ट्यूबखाली स्टुलावर बसून होता. एक डोळा त्यानं पुण्याचा आखला, लांबून बघितला, पुसला. मग मुंबईचा आखला, तोही पुसला. तिसऱ्या रात्री पहाटेकडं दोन्ही डोळे झाले. कुठल्या शहराचे, ते मला सांगता येणार नाही, पण मी मूर्तीच्या समोरून उठून जरा बाजूला बसलो.

काकी चहा घेऊन आली. तिनं कप खाली ठेवला, पदराला हात पुसले, मूर्तीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘रोव्याला असा नसतो.’

नानानं कुंचला खाली ठेवला. ‘रोव्याचे गनपती पेनशीच जातान ना गो!’

‘मंग?’ काकी म्हणाली, ‘म्हनून तं सांगतंय.’