ट्रॉलीने दादली

हवेतून जाण्याचं महाडकरांना आता अप्रूप नाही. १९९६ पासून हिरकणीवाडीहून रायगडावर रोपवे जातो. चौदाशेच्या वर पायऱ्यांऐवजी चार-पाच मिनिटं ट्रॉलीत बसलं की झालं. ज्यांचे गुडघे इतिहासाच्या आड येत होते, त्यांचीही सोय झाली. जी हिरकणी बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरली, तिच्याच नावाच्या वाडीत आपण तिकिटाच्या रांगेत उभे राहून ‘अजून किती वेळ?’ म्हणून कुरकुरतो. तर माझं मागणं एवढंच, की गडावर ट्रॉली जाते, तशी महाडहून दादलीलाही जावी. एक टोक स्टँडजवळ, दुसरं पैलतीरी दादलीत, मध्ये खाली सावित्री.

हे काही जगावेगळं नाही. न्यूयॉर्कात १९७६ पासून माणसं ईस्ट नदीवरून ट्रॉलीने कामावर जातात. बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये २०१४ पासून अख्खं शहर तारेवर चढलंय. आपल्या गुवाहाटीत २०२० साली ब्रह्मपुत्रेवर रोपवे सुरू झाला. ब्रह्मपुत्रेपुढे सावित्री म्हणजे ओढा, हे वाक्य मात्र महाडात मोठ्याने बोलू नये. इथे पाऊस पडतो महाबळेश्वरला आणि पाणी मोजतात महाडच्या बाजारपेठेत. त्यात बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढली, की वरच्या पाण्याला पुढे वाट नाही आणि खालच्याला मागे जायची घाई नाही. दोघांची गाठ आमच्या दुकानांत पडते.

पुलाला नदीत पाय रोवावे लागतात, आणि नदीला ते नेहमीच मानवतं असं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पोलादपूरच्या वाटेवरचा १९२८ सालचा दगडी पूल सावित्रीने नेला. दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसंही गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, पण नदीच्या अंगावर पाय न देता पलीकडे जाता आलं तर बरं, असं तेव्हापासून वाटत आलंय. रोपवेचे खांब काठावर राहतात. नदी आपल्या वाटेने, आपण आपल्या.

आता अडचणी. रोपवेला ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही योजना लावता येत नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येत नाही. ‘पुढच्या आंब्यापाशी उतरवा हो’ म्हणायला कंडक्टर नाही, आणि खाली आंबाही नाही. शिवाय बातमी फुटली की पोलादपूरकर फाटा मागणार, मग उमरठ म्हणणार, तानाजीरावांचं गाव आधी. आंबेनळीत दरड आली की घाट बंद पडतो, तेव्हा ट्रॉली थेट महाबळेश्वरपर्यंत न्या, असं कोणी म्हटलं तर त्याची मागणी माझ्यापेक्षा रास्त आहे हे कबूल करावं लागेल.

पण खरी गोची वेगळीच. ज्या दिवशी दादलीच्या पुलावर पाणी येईल, त्या दिवशी वाराही तसाच असणार, विजाही असणार. अशा हवेत पहिली बंद करायची ती तार. म्हणजे वर्षातल्या ज्या चार दिवसांसाठी रोपवे मागायचा, नेमके तेच चार दिवस तो बंद! उरलेल्या दिवसांत पूल आहेच, आणि त्यावर सहा आसनी रिक्षाही आहे.

तरीही अर्ज मागे घेऊ नये असं वाटतं. पाणी वाढायला लागलं, की महाडकर आधी माल माळ्यावर चढवतो आणि मग छत्री घेऊन पाणी बघायला जातो. जाऊ नका म्हणून भोंगा वाजतो, तरी जातो. एवढी हौस आहे, तर ती सुरक्षित उंचीवरून तरी भागावी. म्हणून अर्जात एक कलम वाढवलंय. श्रावणात, वारा पडलेला असताना, ट्रॉली नदीच्या मधोमध पाच मिनिटं थांबावी आणि त्याचं वेगळं तिकीट असावं. बाजारपेठेतल्या दुकानदारांना मात्र ते माफ. पाणी जवळून बघण्याचे पैसे त्यांनी जुलै २०२१ च्या पुरातच भरलेत, आणि तेही रोख.