अतिथी देवो भव (सोम ते शनि, साडेआठ ते साडेसहा)

लंडनमध्ये नियंत्रित पार्किंग झोनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबाने पाहुणा बोलावण्याआधी गल्लीच्या तोंडाची पाटी पाठ करावी. कुठे नियंत्रणाची वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा असते, तर ट्यूब स्टेशनजवळच्या काही गल्ल्यांत फक्त तासभर, समजा दहा ते अकरा. हा तास असतो गाडी इथे टाकून ट्यूबने ऑफिस गाठणाऱ्यांना अडवण्यासाठी. सापडतात मात्र सत्यनारायणाला आलेले काका. अशा गल्लीत पूजा सव्वाअकराला ठेवावी. गुरुजी अडून बसत नाहीत, त्यांचीही गाडी असते.

त्या वेळात पाहुण्याची गाडी गल्लीत लावायला व्हाउचर लागते. ते पाहुण्याला मिळत नाही, रहिवाशाला मिळते. त्यासाठी तुम्ही इथेच राहता हे काउन्सिलला पटवावे लागते. ज्या पत्त्यावर काउन्सिल टॅक्सचे बिल न चुकता पाठवतात, तो पत्ता सिद्ध करायला तेच बिल त्यांना परत दाखवायचे.

जिथे अजून कागदी व्हाउचर चालते, तिथे नाण्याने तारीख आणि महिना खरवडायचा. चष्मा लावूनच खरवडा. एकाऐवजी दोन तारखा खरवडल्या की कार्ड बाद. ऑनलाइन व्हाउचरला गाडीचा नंबर लागतो. दारात आलेल्या माणसाला पाण्याआधी नंबर विचारणे जिवावर येते, पण विचारा. त्याला तोंडपाठ असतो तो बहुधा आधीच्या गाडीचा. तेव्हा चपला घालून स्वतःच बाहेर जा, आणि ‘ओ’ कुठला नि शून्य कुठले ते बघून या.

आता व्हाउचरच्या तासांचा हिशेब. ‘पाच मिनिटं टेकतो’ म्हणणाऱ्यासाठी तीन तास धरा. जेवायला थांबणाऱ्यासाठी पाच. यात निरोप धरलेला नाही. ‘चला, निघतो’ हे वाक्य पहिल्यांदा उच्चारले गेले की हळदीकुंकू, मग लोणच्याची बरणी कुठल्या पिशवीत ठेवायची यावर चर्चा, मग मुलांची शोधाशोध, आणि खरा विषय (कोणाचे लग्न मोडले) निघतो तो दारात, एक पाय बाहेर असताना. पैसे भरलेली वेळ संपल्यावर 10 मिनिटांची सवलत इंग्लंडच्या कायद्यात 2015 पासून आहे. तेवढ्यात आपल्याकडे फार तर बूट सापडतात.

दंड कायद्याने गाडीच्या मालकाचा, म्हणजे पाहुण्याचा. भरायचा मात्र यजमानाने. 14 दिवसांत भरला तर निम्म्यात सुटतो.