माऊस बंद, कामकाज सुरू

रायपुरात साहेब ओळखणं एके काळी सोपं होतं. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल दिसला की साहेब, आणि कागदावर हिरवी शाई दिसली की मोठे साहेब. आता टॉवेल बडे बाबूही घरून आणतात आणि हिरवी शाई ई-ऑफिसने वाळवली. म्हणून कार्यालयात नव्याने येणाऱ्यासाठी नवी खूण सांगून ठेवतो. टेबलावरचा माऊस बघा. बिनतारी आहे, काळा आहे, तळहातात नीट बसतोय, अंगठ्याशी दोन जादा बटणं आहेत आणि ती कशासाठी आहेत हे वापरणाऱ्याला ठाऊक नाही, तर समजा उपसंचालक किंवा त्याहून वर. तार आहे, पण मधलं चाक फिरतंय: लेखाधिकारी. तार आहे, चाक फिरत नाही, डावं बटण दोनदा दाबलं तर एकदा ऐकतं आणि एकदा दाबलं तर दोनदा: सहायक ग्रेड-तीन. तारेला तीन ठिकाणी चिकटपट्टी, खालची पावलं झिजून गेलेली आणि पाठीवर मार्करने लिहिलंय ‘कृपया न ले जाएँ’: तो डाटा एंट्री ऑपरेटर, प्लेसमेंट एजन्सीतून आलेला, पगार कलेक्टर दराने.

ही उतरंड तशी विचारपूर्वक आखलेली आहे. ज्याच्या हाताखाली माऊस सर्वांत कमी हलतो, त्याला सर्वांत उत्तम मिळतो. चांगली वस्तू जपून वापरावी, हा आपला जुना संस्कार. ई-ऑफिसमध्ये नस्ती साहेबांच्या पडद्यावर येते हे खरं, पण तिच्यावर डिजिटल सही करायचं डोंगल स्टेनोच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि डोंगलचा पिन स्टेनोच्या डोक्यात. साहेबांनी ‘देख लो’ म्हणायचं, स्टेनोने बघायचं. मग साहेबांच्या माऊसने करायचं काय? तो क्रिकेटचा स्कोअर वरखाली करतो. त्यासाठी चाक गुळगुळीतच हवं.

पण देव न्यायी आहे. साहेबाचं टेबल जितकं मोठं तितकी त्यावरची काच मोठी. काचेखाली फोन नंबरांची यादी, मंत्रिमहोदयांबरोबरचा फोटो आणि तिरुपतीचा बालाजी. आताचा माऊस खालच्या पृष्ठभागाची बारीक छायाचित्रं सतत घेत चालतो. स्वच्छ काचेवर त्याला काही दिसतच नाही. बाण एक तर जागचा हलत नाही किंवा बालाजीपाशी गेला की थरथरतो. जाड काचेवरही चालणारे माऊस लॉजिटेक कंपनीने 2009 मध्येच काढले, पण ते महाग, आणि तेवढी किंमत मंजूर करणारे साहेब काचेच्या पलीकडे बसतात. त्यामुळे महागड्या माऊसखाली गेल्या वर्षीची सरकारी डायरी घालून राज्याचा कारभार चालतो. खाली शाखेत ऑपरेटरच्या टेबलाला काच नसते, सनमायका उडालेला असतो. त्याचा खिळखिळा माऊस तिथे झकास धावतो.

बिनतारी माऊसचं आणखी एक दुःख म्हणजे त्याला लागणारा सेल. नेमका त्याच मापाचा सेल भिंतीवरच्या घड्याळालाही लागतो. कार्यालयात सेल एकच असेल तर तो कुठे जाणार? छत्तीसगडात 2022 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि त्या बदल्यात वेळ दहा ते साडेपाच. साडेपाच वाजल्याचं कळणं हे सार्वजनिक हिताचं आहे, माऊसचं चालणं हे वैयक्तिक. सेल घड्याळात.

तारेच्या माऊसला ही कटकट नाही, त्याची लढाई वेगळी असते. सीपीयूच्या तोंडावर यूएसबीची दोन भोकं. त्यातलं एक आत गेलेलं, दुसऱ्यावर डोंगल, अंगठ्याचं यंत्र आणि पेन ड्राइव्ह यांचा हक्क. तरीही ते सहसा यांपैकी कुणालाच मिळत नाही. तिथे कुणाचा तरी मोबाईल चार्ज होत असतो. ‘माऊस क्यों निकाला?’ असं विचारलंत तर उत्तर येतं, ‘सर, साहब का फोन है.’ यावर अपील नाही.

जुने लोक म्हणतात, बॉलवाल्या माऊसचे दिवस चांगले होते. मला ते पटतं, निदान रायपूरपुरतं. इथे उरला आणि सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी पूड गच्चीवर, तुळशीवर आणि वाळत घातलेल्या धोतरावर न मागता मिळते. ती माऊसच्या पोटातही जायची. बॉल फिरेनासा झाला की भृत्य यायचा, माऊस उताणा करायचा, झाकण फिरवून बॉल काढायचा, शर्टाला पुसायचा आणि आतल्या रुळांवर चढलेलं काळं कडं सेफ्टी पिनने सोलून टेबलावर ठेवायचा. सारी शाखा काम थांबवून बघायची. प्रदूषण मंडळाला हवेचे नमुने घ्यायला यंत्रं लागतात, आमच्या भृत्याला सेफ्टी पिन पुरायची. मग प्रकाशावर चालणारे माऊस आले, त्यांच्या पोटात काहीच शिरेना, आणि एक कसब बुडालं. आता तोच भृत्य लांबूनच बघतो आणि निदान सांगतो, ‘साहब, मुसवा मर गे.’

(गणपतीच्या वाहनाचा विनोद मी इथे करणार नाही. तो प्रत्येक भंडार लिपिक करतो, आणि त्यानंतर ‘स्टॉक में नहीं है’ म्हणतो.)

मेलेल्या माऊसच्या जागी नवा मिळवणं हा खरा विषय. बाजारात तारेचा माऊस तीनेकशे रुपयांत मिळतो. सरकारी तो तसा मिळू नये यासाठी दोन शतकांहून अधिक काळाची परंपरा पणाला लागलेली आहे. बिंबाजी भोसले 1787 मध्ये रतनपूरला वारले आणि त्यानंतर नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगड सुभेदारांकरवी चालवायला घेतलं. म्हणजे गरज इथे आणि धनी नागपुरात. पुढे मध्यप्रांत झाला, कागद नागपूरलाच जात राहिला. 1956 नंतर तो भोपाळला जाऊ लागला. 2000 साली राज्य झालं, वाटलं आता कागद घरीच राहील. 2012 मध्ये मंत्रालय डीकेएस भवनातून उठून नवा रायपूरच्या महानदी भवनात गेलं आणि कागद पुन्हा प्रवासाला निघाला. अंतर मात्र वीसेक किलोमीटरवर आलं, ही प्रगती नाकारता येणार नाही.

या प्रवासाचे टप्पे असे. आधी मागणीपत्र. त्यावर भंडार शाखेचा ‘शिल्लक नाही’ हा शेरा. मग जुना माऊस दुरुस्त होण्याजोगा नाही, असा तांत्रिक अभिप्राय. तो देणारा तांत्रिक माणूस जिल्ह्यात एकच आणि तो निवडणूक कामावर. अभिप्राय आला की नोटशीट, नोटशीटवर ‘पूर्व में कब खरीदा गया था?’ हा प्रश्न, त्याच्या उत्तराला जोडलेली भंडार पंजीची प्रत, मग वित्त शाखा. भंडार क्रय नियम 2002 सालचे आहेत, माणसांपेक्षा धडधाकट. मग खरेदी कुठून करायची हा पेच. जेम हे केंद्राचं खरेदी पोर्टल 2016 मध्ये निघालं. राज्याने मधली काही वर्षं त्याला सुट्टी दिली आणि 2024 मध्ये परत बोलावून घेतलं. त्या मधल्या काळात ज्यांचे माऊस अर्ध्या वाटेवर होते, त्यांचं काय झालं हे विचारायला जाऊ नये. पोर्टलवर सर्वांत कमी किमतीचा तो एल-वन, आणि एल-वन माऊस हातात घेतला की तो स्वस्त का आहे हे लगेच समजतं. माऊस बदलून मागण्याचा अर्ज मात्र ऑनलाइनच भरायचा असतो. ज्याच्याकडे माऊस नाही त्याने माऊस मागण्यासाठी माऊस वापरायचा.

याला अपवाद म्हणजे बडे बाबू. रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर बोटं तयार झालेली, तिथून कृतिदेव फॉन्टवर आली. संगणक उघडण्यापासून नस्ती पुढे ढकलण्यापर्यंत सगळं टॅब, एंटर आणि आल्टवर. पडद्याच्या कडेला कृतिदेवातल्या न सापडणाऱ्या जोडाक्षरांच्या आल्ट आकड्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते, पण तीही नवख्यांसाठी. त्यांना आकडे पाठ आहेत. त्यांच्या की-बोर्डवरची अक्षरं कधीच पुसली गेली, त्यामुळे तो कुणी उचलून नेत नाही. माऊस त्यांनी पेपरवेट म्हणून ठेवलाय. पंखा जोरात असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशी गाठतो, कूलर ओल्या हवेचे फवारे मारतो आणि नोटशीटा उडतात, तेव्हा याहून योग्य उपयोग दुसरा सुचत नाही. नव्या पोरांना ते सांगतात, ‘बेटा, चूहे के भरोसे नौकरी नहीं होती.’ मला या गृहस्थांविषयी नितांत आदर आहे. अडचण एवढीच की ते निवृत्त होणार आहेत, आणि ई-ऑफिस नाही.

कुणी म्हणेल, हे दुखणं सरकारीच आहे. तसं नाही. माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट हेही कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे पगारी नोकरच होते. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने 1964 मध्ये पहिला माऊस बनवला. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण. पेटंटचा अर्ज 1967 चा, मंजुरी 1970 ची. तीन वर्षं! म्हणजे वित्त शाखा तिकडेही होती. अर्जात वस्तूचं नाव होतं, ‘एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर फॉर अ डिस्प्ले सिस्टिम’. हे वाचून आमच्या भंडार लिपिकाला गहिवरून येईल. पंजीच्या रकान्यात मावत नाही असं नाव त्याला स्वतःला कधी सुचलं नाही. पेटंट संस्थेच्या मालकीचं, एंगलबार्टना रॉयल्टी म्हणून छदाम मिळाला नाही. साऱ्या जगाने त्यांची वस्तू हातात धरली आणि 2013 मध्ये ते वारले. सेवापुस्तिकेत एक चांगला शेरा, यापलीकडे तृतीय श्रेणीलाही काही मिळत नाही.

खासगी क्षेत्राची अक्कल पाहायची तर अॅपलने 2015 मध्ये आणलेला माऊस बघा. त्याचं चार्जिंगचं भोक पोटाखाली. चार्जिंगला लावला की तो उताणा पडून राहतो, काम करत नाही. एवढी मोठी कंपनी, आणि आमच्या जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाचं इतकं अचूक निरीक्षण तिने कुठे केलं, हे कळत नाही.

बरं, मेलेला माऊस टाकून द्यावा तर तेही जमत नाही. अपलेखन समितीने शिक्कामोर्तब केल्याखेरीज सरकारी वस्तू मरत नाही. त्यात 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायच्या. नियम चांगला आहे. पण समितीची बैठक होत नाही, म्हणून माऊस कपाटात. कपाट भरलं की गोणीत. गोणी जिन्याखाली, बिघडलेल्या यूपीएसच्या शेजारी. त्या यूपीएसवर भृत्य बसतो. जुन्या इमारतीतल्या त्या जिन्याखाली आता खरे उंदीर राहायला आलेत. तारा कुरतडून ते अपलेखनाचं काम परस्पर उरकतायत, आणि त्यांना बैठक भत्ताही द्यावा लागत नाही.

तोवर माणसं आपली सोय आपणच करतात. नवा रायपूरला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये सकाळी डब्यांच्या पिशव्या चाचपून बघा. पोळीभाजीच्या शेजारी रुमालात गुंडाळलेला स्वतःचा माऊस सापडेल. चौबे कॉलनीच्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला भेटणाऱ्या नोकरदार बायकांत साड्यांइतकीच या माऊसची चर्चा होते. कुणाचा लहान मुठीत बसतो, कुणाचा टकटक वाजत नाही, कुणाचं मनगट दुखायचं थांबलं. डावखुऱ्या बाईची व्यथा सगळ्यांत वेगळी. सरकारी टेबलावर माऊस उजवीकडे, आणि तार इतकी आखूड की तो डावीकडे येतच नाही. तिने बटणांची अदलाबदल करून घेतली, तर दुसऱ्या दिवशी शाखेत बोंब, ‘मैडम ने कंप्यूटर बिगाड़ दिया.’ स्वतःच्या पैशाने आणलेला माऊस संध्याकाळी पर्समध्ये घालून न्यावा लागतो. विसरला तर सकाळी तो साहेबांच्या टेबलावर सापडतो, डायरीवर, बालाजीच्या शेजारी.

आता थोडं संघटनांकडे. 2022 च्या जुलैत महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्यासाठी राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी पाच दिवस कलमबंद आंदोलन केलं. मागणी रास्त होती, हत्यार चुकलं. हजेरी अंगठ्यावर आणि सही डोंगलवर गेली, की कार्यालयात पेन उरतं ते कान खाजवण्यापुरतं. ते बंद ठेवून कुणाचं काय अडणार? म्हणून कर्मचारी फेडरेशनच्या नेत्यांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या खाली एक ओळ वाढवा. चतुर्थ श्रेणीला धुलाई भत्ता असतो, तसा तृतीय श्रेणीला आणि ऑपरेटरांना माऊस भत्ता द्या. वर्षाला रुपये तीनशे, बिल मागू नका, तांत्रिक अभिप्राय तर अजिबात मागू नका. आणि सरकारने नाही म्हटलं, तरी रागाच्या भरात माऊसबंद आंदोलन पुकारू नका. बंद झाल्याचं सरकारच्या ध्यानात यायला आधी ते चालू असावे लागतात.