बर्फाच्या भावात उन्हाळा

"अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरच्यांनी ब्रेकनरिजला काँडो घेतला."

"काय सांगता काकू! स्की करतात की काय ते?"

"कुठलं स्की! ड्राइव्ह-वेवरचा बर्फ ओढताना बघितलंयस ना त्याला? दोन फावडी मारतो आणि कंबर धरून आत जातो. उन्हाळ्यासाठी घेतलाय म्हणे. इथं जुलैत पारा पंच्याण्णव फॅरनहाइटच्या वर जातो, तिथं सत्तर. एसी नको, पंखा नको, रात्री पांघरूण लागतं."

आमच्या वस्तीत, म्हणजे डेन्व्हरच्या दक्षिणेला, सगळ्या परसांना उंच लाकडी कुंपण आहे. काकूंच्या आणि माझ्या मधल्या कुंपणाची एक फळी गारपिटीत निखळली. ती ठोकून घ्यायचं आम्हा दोघींच्याही मनात आलेलं नाही. त्या फटीतून विरजण, मेथीची जुडी आणि बातम्या यांची ये-जा सुरू असते. काकूंचा जन्म बँकेत गेला, कर्ज विभागात. कुणाचंही घर बघितलं की त्यांना आधी हप्ता दिसतो, मग भिंती.

"केवढ्याला पडला?" मी आवाज खाली आणला.

"सात लाखांच्या वर. डॉलर, बाई. आणि बेडरूम किती, तर एक! हॉलमध्ये उघडणारा सोफा आहे, त्याला कोपऱ्यावरची 'दुसरी बेडरूम' म्हणते. वर खरेदीवर गावाचा एक टक्का कर. म्हणजे सात हजार तिथंच गेले."

"असा कर तर मी इथं घर घेताना भरला नव्हता."

"कसा भरशील? कोलोरॅडोत असा कर नव्याने लावायला १९९२ पासून बंदी आहे. पण ज्या गावांनी आधीच लावून ठेवला होता, त्यांचा चालू राहिला. ब्रेकनरिज, व्हेल, फ्रिस्को, सगळी हुशार गावं. ते सोड. तिथं घराला भाव कशाचा लागतो, सांग. स्कीची लिफ्ट किती पावलांवर आहे, याचा. स्कीचे ते जड बूट घालून चालणाऱ्याला शंभर पावलंसुद्धा जास्त होतात, म्हणून तो पैसे मोजतो. ही मंडळी जुलैत चपला घालून फिरणार. पैसे मोजले बर्फाचे आणि वापरणार काय, तर ऊन!"

माझ्याने राहवेना. "पण काकू, उन्हाळ्यातही तिथं खूप काही असतं. गोंडोला फुकट, बस फुकट, ऑर्केस्ट्रा असतो. आणि हे आजचं नाही. अॅस्पेनला १९४९ साली जर्मन कवी गटेच्या दोनशेव्या जयंतीचा सोहळा झाला, अल्बर्ट श्वाइट्झर आले होते, तो भर उन्हाळ्यात. तिथला संगीत महोत्सव त्यातूनच सुरू झाला. लिफ्ट सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती."

"हे तुला कोपऱ्यावरच्याने सांगितलं ना? मलाही सांगितलं. गणपतीच्या आरतीआधी पकडलं होतं. ते डोंगर रिसॉर्टचे नसून फॉरेस्ट सर्व्हिसचे, रिसॉर्टवाले नुसते परवान्यावर, आणि २०११ च्या कायद्यामुळे उन्हाळ्यात झिपलाइन नि सायकलच्या वाटा करायला मोकळीक मिळाली, सगळं ऐकलं मी. खोटं नाही बोलत तो. पण झिपलाइनवर लोंबकळायचं वय आहे का आपलं?"

"मग फिरायला तरी जातील. रानफुलं असतात."

"असतात ना, जुलैत. पण उन्हाळा किती, ते मोज. एप्रिल-मे नुसता चिखल. त्याला तिथं 'मड सीझन'च म्हणतात, निम्मी हॉटेलं कुलूप लावून बसतात. जूनमध्ये वरच्या वाटांवर अजून बर्फ. जुलै-ऑगस्ट छान, पण दुपार झाली की ढग येतात आणि विजा कडाडायला लागतात. म्हणून पहाटे चढायचं आणि बाराच्या आत झाडरेषेच्या खाली यायचं. सप्टेंबरच्या शेवटी अॅस्पेन नावाची झाडं सोनेरी झाली की पुन्हा बर्फाची चाहूल. बारा-चौदा आठवडे झाले सगळे मिळून. त्यातही यांची नोकरी, म्हणजे शनिवार-रविवार. आणि रविवारी दुपारी आय-७० वरून परत यायचं!"

"ती गर्दी हिवाळ्यात असते ना, स्कीवाल्यांची?"

"सगळ्यांना असंच वाटतं. आयझेनहॉवर बोगद्यातून जुलै-ऑगस्टमध्ये हिवाळ्यापेक्षा जास्त गाड्या जातात. आपल्यासारखेच सगळे, उकडलं की निघाले वर."

तेवढ्यात काकूंनी पाण्याचा पाइप टोमॅटोच्या आळ्यात सोडला आणि फटीशी सरकल्या. म्हणजे आता खरी बातमी.

"पुण्याहून तिच्या सासूबाई आल्यात ना, त्यांना घेऊन गेले होते मागच्या आठवड्यात. आता बघ, आपलं डेन्व्हरच जवळपास कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे. ब्रेकनरिज नऊ हजार सहाशे फूट, महाबळेश्वरच्या दुपटीहून जास्त. म्हातारीला रात्रभर झोप नाही, डोकं धरून बसली. आणि सकाळी हिने डाळ लावली, साध्या पातेल्यात. तिथं पाणी नव्वद अंश सेल्सिअसलाच उकळतं. दोन तास डाळ नुसती नाचत राहिली, शिजली काही नाही. शेवटी सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला. आता वरच्यासाठी वेगळा कुकर घेतलाय, आणि इथल्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सासूबाईंनीच. बागेत बसतात ना संध्याकाळी."

मी कोपऱ्यावरच्यांची बाजू घ्यायचा आणखी एक प्रयत्न केला. "हिवाळ्यात भाड्याने देतील की. ख्रिसमसला तिथं काय भाव असतो! हप्ता निघून जाईल."

"त्यानेही हाच हिशोब मांडलाय. पण पर्यटकांना द्यायला गावाचा परवाना लागतो. २०२१ साली गावाने परवान्यांवर मर्यादा घातली, पुढच्या वर्षी विभाग पाडले. लिफ्टच्या पायथ्याशी हात सैल, राहत्या वस्तीत आवळलेला. घर विकलं की जुन्या मालकाचा परवाना घराबरोबर येत नाही, आपला नवा काढायचा. बेडरूममागे फी वेगळी. गावाचंही चूक नाही म्हणा. लिफ्ट चालवणारी पोरं, शाळेतले मास्तर, बसचा ड्रायव्हर यांनी राहायचं कुठं, सगळी घरं पाहुण्यांना दिली तर?"

"यांना मिळाला का परवाना?"

"मिळाला, जागा पायथ्याशी आहे. पण पुढची गंमत ऐक. इमारतीत खाली रिसेप्शन, चावी तिथूनच, म्हणजे हॉटेलच की ते अर्धं! अशा काँडोला नेहमीचं मॉर्गेज मिळत नाही. शेवटी दुसरीकडून कर्ज काढलं, चढ्या व्याजाने आणि जास्त डाउन पेमेंट भरून. मला आधी विचारलं असतं तर!"

काकूंना विचारलं नाही, हे खरं दुखणं असावं. मी विषय वळवला. "आणि एचओएची, म्हणजे सोसायटीची, फी?"

"महिन्याला हजाराच्या घरात. छपरावरचा बर्फ काढायचा, रस्त्यावरचा काढायचा, हॉट टब, लॉबीतली शेकोटी, स्कीवाल्यांची शटल, सगळ्यात यांचा वाटा. यांनी डिसेंबरात पाऊल ठेवलं नाही तरी. बरं, घर रिकामं म्हणून हीटर बंद करशील तर नळ गोठून फुटतात आणि पाणी खालच्याच्या छतातून. म्हणून कुणी नसलं तरी पंचावन्नवर चालू ठेवायचा. आणि विमा! बर्फाच्या गावाला कसली आग, असं वाटतं ना? २०२० च्या ऑक्टोबरात ग्रँड लेककडे आग पसरली, ती डोंगररांग ओलांडून एस्टेस पार्कच्या बाजूला आली. तेव्हापासून डोंगरातला विमा म्हटलं की कंपन्या हात आखडता घेतात. इमारतीचा हप्ता वाढला की असोसिएशन सगळ्यांना पत्र पाठवते, एवढे हजार जास्तीचे भरा."

"तरी ख्रिसमसच्या भाड्यात—"

"कसलं ख्रिसमसचं भाडं! तेच तर सांगायचं राहिलं. तिचा थोरला, सिअॅटलचा. आईवडिलांनी बोलावलं की त्याला सुट्टी नसते. काँडोचा फोटो पाठवल्याबरोबर त्याचा फोन आला, ख्रिसमस ते नवं वर्ष आम्ही येतोय, चार मित्र आहेत, सगळे स्कीवाले! वर्षातला सगळ्यात महागडा आठवडा गेला पोराला, फुकट. आई खूश आहे. बाप एक्सेल उघडून बसलाय."

मी हसले, पण मला त्या आईचं पटलं. पोरगं चार मित्र घेऊन का होईना, दर वर्षी आठवडाभर येणार असेल, तर तो आठवडा कुठल्या रकान्यात मांडायचा?

काकूंना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. "अगं, पोरगं येतंय ते चांगलंच. पण नुसत्या एचओएचे वर्षाला बारा हजार होतात. तेवढ्यात चार जुलैची गर्दी ओसरली की तीन-चार आठवडे चांगलं घर भाड्याने मिळतं तिथं. खायचं, प्यायचं, किल्ली द्यायची, यायचं निघून. नळ फुटला तर मालकाचा."

"पण काकू, भाड्याच्या घरात आपला मसाल्याचा डबा ठेवून येता येत नाही. दर वेळी पोळपाट, लाटणं, कुकर, सगळं गाडीत भरा."

"यांचं तरी कुठं उघड्यावर राहतंय? पाहुणे येणार म्हणून एका कपाटाला कुलूप घातलंय. 'मालकाचं कपाट' म्हणतात. त्यात नवा कुकर, मसाल्याचा डबा आणि सासूबाईंनी पुण्याहून आणलेली कैरीच्या लोणच्याची बरणी. घरात पाहुणे राहणार, हॉट टबमध्ये पाहुणे बसणार. यांचं हक्काचं काय, तर कपाट."

"तरी हक्काचं आहे ना?"

"आहे की," काकू पाइप गुंडाळायला वळत म्हणाल्या, "महिन्याला हजार डॉलरमध्ये एवढी थंड जागा लोणच्याला दुसरीकडे कुठं मिळणार?"