मत अमूल्य, पत्ता 'नो-रिप्लाय'

ग्राहकाच्या मतावर हल्ली कंपन्यांचा भारी जीव जडलाय. पंखा घ्या, विमा उतरवा, दाढ काढून घ्या. दुसऱ्या दिवशी मेल हजर : 'आपले मत आमच्यासाठी अमूल्य आहे.' पाठवणाऱ्याचा पत्ता पाहावा तर 'नो-रिप्लाय'. मत अमूल्य खरे, पण ते आमच्या दारात आणून टाकू नका!

असे मेल स्पॅममध्ये गेले की मार्केटिंगवाल्यांचा जीव तीळ तीळ तुटतो. मग कार्यशाळा भरते. तिथले ज्ञान असे : 'फ्री' म्हणू नका, 'व्हाउचर'च्या मध्ये एक टिंब घाला, विषयाच्या ओळीत सुरुवातीला 'री' लावा, म्हणजे आधी आपणच त्यांना पत्र लिहिले होते असे वाटेल.

टिंबाच्या युक्तीची एक्स्पायरी केव्हाच उलटली. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने २००२ सालीच सांगून ठेवले, की फिल्टरला वाईट शब्दांची यादी पढवू नका. लोकांनी ठेवलेले आणि फेकलेले मेल त्याच्यापुढे टाका, कुठला शब्द कुठे किती येतो ते तो मोजेल. आता टिंबवाले व्हाउचर शहाण्या माणसाच्या पत्रात येतेच कुठे? साधे एखादे वेळी सुटेल, वेषांतर केलेले आधी धरले जाते.

शिवाय आता कागदपत्रे लागतात. दिवसाला ५,००० च्या वर मेल धाडणाऱ्यांकडे जीमेल फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी तिन्ही ओळखपत्रे मागते. वर 'हा स्पॅम आहे' म्हणणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा म्हणते. हजारात तिघे वैतागले की पत घसरू लागते. आणि चाळीस प्रश्नांच्या मेलला 'फक्त दोन मिनिटे!' असे शीर्षक दिल्यावर तिघे मिळायला फार फिरावे लागत नाही.

समजा, मेल पोहोचला. पहिला प्रश्न ठरलेला : आमची शिफारस मित्राला कराल का, शून्य ते दहा? फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेल्या या मोजमापात नऊ-दहा देणारे चाहते, सहा आणि त्याखालचे निंदक. सात-आठवाले ना घरचे ना घाटचे. ज्या मराठी घरात पुरणपोळीला 'बरी झालीय' ही सर्वोच्च पदवी, तिथला माणूस सात देतो तो ऊर भरून आल्यावर. कंपनीच्या तक्त्यात त्याच्या त्या भरून आलेल्या उराला जागाच नाही.

उत्तरे कमी आली, तर उपाय एकच : आणखी मेल. पण ढीग मोठा म्हणून उत्तर खरे ठरत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी टपालाने सुमारे एक कोटी मतपत्रिका वाटल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या जोरावर त्याने उमेदवार लँडन यांना अध्यक्ष करून टाकले. प्रत्यक्ष मतदानात प्रतिस्पर्धी रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. तेव्हा स्पॅम फिल्टर नव्हता, त्यामुळे दोष द्यायलाही कुणी नव्हते.

खरे तर चार ओळी पुरतात. आम्ही कोण, तुम्हालाच का विचारतोय, खरोखर किती वेळ लागेल आणि तुमच्या उत्तराचे पुढे काय करणार. पहिल्या तीन कुणीही लिहील. चौथी लिहायची तर उत्तराचे काहीतरी करावे लागते, म्हणून कार्यशाळा टिंबावरच थांबते.